पाहुण्याचं जेवण होईपर्यंत

आमच्या पोशेरा गावातल्या घरात कोणालाही एकट्याने विचार करता येत नसे, कारण घराच्या भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर शेणमाती लिंपलेली. तिच्यातून ऊन आत येत नसे, थंडी थोडी येई, आवाज मात्र सगळा येई. बाबांचा खोकला, गोठ्यात बैलाचं खांबाला अंग घासणं, शेजारच्या घरातली कुरबुर, आणि या सगळ्याच्या तळाशी, सुगीपासून शिमग्यापर्यंत चालणारा मुसळांचा आवाज. वरई हे हट्टी धान्य आहे. ती एकदा कांडून भागत नाही. कांडायची, पाखडायची, पुन्हा उखळात घालायची. आमच्या अंगणात जमिनीत पुरलेलं उखळ होतं. त्याच्या एका अंगाला आई उभी राही, दुसऱ्या अंगाला माझी थोरली बहीण हिरा. एकीचं मुसळ वर जाई तेव्हा दुसरीचं खाली येई. चुकलं तर लाकडावर लाकूड आदळे आणि आई नुसतं हिराकडे पाही. त्या आवाजात मी झोपलो, जागा झालो, नागलीची म्हणजे नाचणीची भाकर आणि खुरसणीची चटणी खाल्ली, पाढे पाठ केले. आता गावात वरई सडायचं यंत्र आलं आहे. आयुष्यभर मी पुष्कळ गोष्टींविरुद्ध तक्रार अर्ज केले, त्या यंत्राविरुद्ध केला नाही. ते आलं तेव्हा आईचे खांदे कामातून गेलेले होते.

आईला आम्ही घरी 'आये' म्हणत असू. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी, आणि ही जी मी लिहितो आहे ती तिसरी. तिसरी शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. हिराला कमी लागला. ती माझ्याहून चार पावसाळ्यांनी मोठी. पण धाकट्या भावंडांना सांभाळण्यात तिची शाळा मधे मधे सुटत गेली आणि शेवटी ती माझ्याच वर्गात येऊन बसली. अभ्यास ती उखळाजवळ करी. पुस्तक समोरच्या पाट्यावर उघडं ठेवायचं, त्यावर वाऱ्याने पान उलटू नये म्हणून एक कांदा, आणि मुसळाच्या तालावर मोठ्याने पाठांतर. पुढे कॉलेजात गेल्यावर एकदा ती तर्कशास्त्राचं पाठ करत होती. सर्व माणसे मर्त्य आहेत. गोविंद माणूस आहे. म्हणून गोविंद मरणार. आईने मुसळ थांबवलं.

"कोन मेला? कंच्या पाड्याचा?"

हिरा म्हणाली, कोणी मेला नाही, हे पुस्तकातलं आहे. आईने पुन्हा मुसळ उचललं आणि म्हणाली, "मंग त्याला कशाला मारतां उगाच? बरा हिंडं फिरं." त्या दिवसापासून आमच्या घरी गोविंदाची चौकशी होऊ लागली. हिरा पुस्तक उघडायची आणि बाबा ओटीवरून विचारायचे, गोविंदाची तब्येत कशी आहे.

हिराने कॉलेजला जायचं म्हटलं तेव्हा बाबांनी हरकत घेतली नाही, अट घातली. ती एकटी जाणार नाही. बारक्या जाईल तर तिने जावं. बारक्या म्हणजे मी. मला फारसं शिकायचं नव्हतं. मोखाड्याला एका दुकानात तराजूमागे उभं राहण्याचं माझं जवळजवळ ठरलं होतं. पण राखणदार वेगळ्या वर्गात बसला तर राखण कसली, म्हणून जे विषय हिराचे तेच माझे झाले. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर तत्त्वज्ञान हा विषय दिसतो, तो असा. लोक अजूनही सांगतात की मी बहिणीला शिकवलं, तिच्या पाठीशी उभा राहिलो. हे विधान मी प्रत्येक वेळी लेखी नाकारतो. माझं शिक्षण झालं कारण तिला शिकायचं होतं. पाड्यावरची पोरं मला 'हिराची राखण' म्हणून हाक मारत, आणि तीच माझी खरी पदवी होती.

जव्हारला तेव्हा एका जुन्या कौलारू इमारतीत एक छोटं कॉलेज भरत असे. आज ते नाही. तिथे एक पद्धत होती. मुलींनी तास सुरू होईपर्यंत वर्गात बसायचं नाही. मागच्या बाजूच्या लेडीज रूममध्ये थांबायचं. प्राध्यापक वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागोमाग रांगेने आत यायचं, आणि तास संपला की त्यांच्याच मागोमाग रांगेने बाहेर पडायचं. बदकीण आणि पिल्लं जशी. पहिल्या दिवशी हिरा वर्गात येऊन बाकावर बसली, कारण बाक रिकामा होता आणि ती दमली होती. शिपाई आला आणि म्हणाला, उठा, पद्धत आहे. हिराने त्याला शांतपणे विचारलं, "कुठे लिहिलंय?" तो गोंधळला. हेडक्लार्ककडे गेला, हेडक्लार्क प्राचार्यांकडे गेले, माहितीपुस्तिका उघडली गेली. कुठेच लिहिलेलं नव्हतं. हिरा बसून राहिली. पुढच्या आठवड्यात तिच्या शेजारी आणखी एक मुलगी येऊन बसली. मी नंतर कायदा शिकलो, त्याची कलमं पाठ केली, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. पण त्या दोन शब्दांहून जास्त धारदार हत्यार माझ्या हाती कधी लागलं नाही.

हे आज लिहायला बसलो याला कारण आहे. मागच्या महिन्यात एका विद्यापीठातून आमच्याकडे निमंत्रण आलं. स्त्री, आत्मभान आणि उच्च शिक्षणातील समावेशन असा परिसंवादाचा विषय. चकचकीत पत्रिकेवर डोक्यावर मोळी घेतलेल्या एका बाईचं छायाचित्र. तिचं नाव कुठेही नाही. छायाचित्रकाराचं आहे. हिराला, जी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाली, तिला 'समाजाचा आवाज' म्हणून जेवणाच्या सुट्टीच्या अलीकडे दहा मिनिटं. सोबत सूचना, शक्य झाल्यास पारंपरिक वेशात यावे. मी कुलसचिवांना सविस्तर पत्र लिहिलं. इतर वक्त्यांनाही त्यांच्या पारंपरिक वेशात येण्याची सूचना दिली आहे काय, दिली असल्यास प्रत पाठवावी, नसल्यास भेदाचा आधार कळवावा. उत्तर आलेलं नाही. दोन स्मरणपत्रं गेली आहेत, तिसरं टेबलावर आहे. हिरा हसते. ती म्हणते, बारक्या, तू रागाने लिहितोस म्हणून तुझं अक्षर सुंदर येतं. तिला हसू येतं कारण तिने हे फार पूर्वी एकदा पाहिलेलं आहे, आणि ते मीही पाहिलं होतं.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. तत्त्वज्ञानाला आमच्या कॉलेजात एकच शिक्षक होते. तरुण, देशावरचे, स्वभावाने भित्रे आणि मनाने चांगले. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. हिराने एम.ए. करावं ही त्यांची इच्छा तिच्याहून प्रबळ होती. अडचण एकच होती. शहरात तिच्याबरोबर राखण जाणार नव्हती; मी कायद्याकडे वळायचं ठरवलं होतं आणि ते कॉलेज दुसऱ्या गावी होतं. बाबांचं म्हणणं स्पष्ट होतं, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर जाऊ दे, नाहीतर घरी बस. आणि वसतिगृहातली जागा विद्यापीठातल्या विभागप्रमुखांच्या शिफारशीवर मिळत असे. म्हणून सरांनी खटपट करून त्या विभागप्रमुखांना व्याख्यानाला बोलावलं. हिराला त्यांनी पहिल्या रांगेत बसायला सांगितलं, आणि शक्यतो काही विचारू नकोस असंही सांगितलं.

पाहुण्यांना इथलं जेवण हवं होतं. प्राचार्यांनी सरांना सांगितलं, सरांनी हिराला, हिराने आईला. आई म्हणाली, मास्तरचा पाव्हना म्हंजे आपलाच. आदल्या दिवशी दोघींनी अंगणात वरई कांडली. व्याख्यानाच्या सकाळी आई आणि शेजारच्या एक काकी पहिल्या जीपने जव्हारला आल्या. कॉलेजच्या मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडली. वरईचा भात, उडदाची आमटी, नागलीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी. धूर खिडकीतून व्याख्यानाच्या खोलीत येत होता आणि मागच्या बाकांवरची मुलं व्याख्यान सुरू होण्याआधीच भुकेजली होती.

पाहुणे उंच, पांढऱ्या केसांचे, आवाज ऐकत राहावा असा. त्यांचं बोलणं आजही मला आठवतं, कारण ते वाईट नव्हतं. ते आमची स्तुती करत होते. शहरातला माणूस 'मी, मी' करत एकाकी झाला आहे. या डोंगरातल्या माणसाला तो रोग नाही. इथे सुटा 'मी' नसतोच. तो पाड्यात, कुळात, रानात विरघळलेला असतो. काल मोखाड्याकडून येताना रस्त्यालगत एका अंगणात त्यांनी दोन स्त्रिया उखळात कांडताना पाहिल्या होत्या. गाडी थांबवून ते बराच वेळ पाहत राहिले होते. दोन मुसळं, एक ताल. "सांगा," ते म्हणाले, "त्या तालात कोण 'मी' म्हणेल? कशाला म्हणेल?" गावातले वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपल्यात काहीतरी फार मोठं आहे असं कोणी सांगितलं की टाळी वाजते.

हिरा उभी राहिली. सरांनी डोळे मिटले.

"सर, त्या दोघींतली एक मी होते," ती म्हणाली. खोलीत हसू पसरलं आणि पाहुणेही कौतुकाने हसले. ती थांबली नाही. "ती वरई तुमच्याच जेवणाची होती. ताल दोघींचा असतो, हे बरोबर. पण हात भरून येतो तो एकीचाच. समोरचीला ते कळत नाही. कळू नये म्हणूनच ताल सांभाळायचा असतो."

 पाहुणे अगदी मायेने म्हणाले, "मुली, तू शिकलीस. हा जो 'मी' बोलतो आहे तो तुला या बाकांनी दिला. तुझं बोलणं मी तुझ्या समाजाचं कसं धरू?"

त्या वेळी मला कायदा येत नव्हता, तरी यात काहीतरी बेकायदा आहे एवढं मला कळलं. जी शिकली नाही तिला इथे बोलावत नाहीत, आणि जी शिकली तिचं बोलणं धरत नाहीत. मग साक्ष द्यायची कोणी? पुढे शेकडो अर्जांत मी निरनिराळ्या शब्दांत हेच विचारत आलो. त्या दिवशी मात्र मी घसा खाकरला आणि त्यापुढे काही सुचलं नाही. पाहुण्यांनाच सुचलं. "यांच्यापैकी न शिकलेलं कोणी आहे का इथे?" त्यांनी विचारलं, आणि मागच्या पडवीतून आईला बोलावण्यात आलं.

आई आली ती हाताला नागलीचं पीठ, पदर खोचलेला, डोळे धुराने लाल. तिला कोणी खुर्ची दिली नाही आणि तिनेही ती शोधली नाही. पाहुण्यांनी सोप्या मराठीत, दोन-तीनदा फिरवून, विचारलं. बाई, तुमच्या मनात कधी 'मी वेगळी' असं येतं का? की सगळं आपलं, सगळ्यांचं, असंच वाटतं? आईने एकदा हिराकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. तोंडापुढे पदर धरून हसली आणि म्हणाली, "साहेब सांगतात तं तसांच असंल."

पुन्हा टाळ्या झाल्या. आई पडवीत परत गेली, कारण तव्यावर भाकर होती. हिरा खाली बसली. तिचे कान लाल झालेले मला बाजूने दिसत होते. सरांनी आभार मानले आणि जेवणाची पानं मांडली गेली.

पाहुणे भरपेट जेवले. दोनदा वरईचा भात मागून घेतला. आमच्याकडे पंगतीत वाढणारा माणूस पाहुण्याच्या पानाकडे पाहतो, तोंडाकडे नाही. आई पानाकडे पाहत वाढत होती. हिराने वाढलं नाही. ती मागच्या नळावर जाऊन बसली होती, खरकटी भांडी पुढ्यात घेऊन. मी तिच्यापाशी गेलो. थोड्या वेळाने आईही टोप घेऊन आली आणि राखेने घासू लागली.  हिराने, घरच्या बोलीत, विचारलं की आये, तू असं कशाला बोललीस.

"पाव्हना जेवला नव्हता," आई म्हणाली. "भुक्या मानसाला दारात नाय कसां म्हनायचां?"

आमच्याकडची ही रीत मला माहीत होती, हिरालाही माहीत होती. पाहुणा जेवेपर्यंत त्याचं बोलणं खोडायचं नाही. तो म्हणाला ऊन आहे तर ऊन. आंबील पिऊन झाली, हात धुतला, की मग भांडायला मोकळे. पुष्कळ सोयरिकी याच रीतीने मोडल्या आहेत, आणि पोटभर जेवूनच मोडल्या आहेत. पण शिकून शिकून आम्ही दोघं इतके पुढे आलो होतो की कॉलेजच्या खोलीत ही रीत लागू होते हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. हिराने विचारलं, मग तुझ्या मनात काय होतं?

आईने टोप उलटा केला, पाणी निथळू दिलं.

"माझ्या? माझ्या मनात आलां, ही अजून बोलंल. मी गप ऱ्हायले तं ही बोलंल. आन तू खाली बसलीस. तुला कशाला धाडलां मंग?"

हिराने हातातली ताटली खाली ठेवली.  मग ती उठली, ओले हात लुगड्याला पुसले, आणि निघाली. मी मागे, राखण होतो ना.

पाहुणे प्राचार्यांच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. समोर सर, हातात पानविड्यांची थाळी. गाडी निघायला अवकाश होता. हिरा दारात थांबली आणि म्हणाली, "सर, जेवण झालं?"

"झालं की. उत्तम झालं."

"पोटभर?"

ते हसले. म्हणाले, आता रात्री काही लागायचं नाही.

"मग आता बोलते," हिरा म्हणाली. "आई मघाशी म्हणाली ते तिच्या मनातलं नव्हतं. तुम्ही जेवला नव्हता, म्हणून तिने तुमचा मान राखला."

"म्हणजे तुझी आई खोटं बोलली?"

"मनात एक होतं, ओठांवर दुसरं आणलं. जे मनात राहिलं ते कोणापाशी राहिलं, सर? पाड्यापाशी नाही. काकी शेजारीच चुलीपाशी होत्या, त्यांना कळलं नाही. मी पोटची पोर, मला कळलं नाही. आत्ता नळावर तिने सांगितलं तेव्हा कळलं. ते ठेवून घेणारं कोणीतरी तिथे एकटं होतं. तुम्ही ज्या 'मी'ला नाही म्हणालात, त्याच 'मी'ने तुम्हाला हो म्हटलं."

सरांच्या हातातली थाळी कलली. एक विडा खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. पाहुणे खुर्चीत सरळ होऊन बसले. ते ढोंगी नव्हते. हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. बोलणं त्यांना लागलं, हे दिसत होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हा युक्तिवाद तुझा, की आईचा?"

आज इतक्या वर्षांनी तो प्रश्न मला कसा वाटतो ते सांगतो. तो सापळा होता, आणि लावणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. माझा म्हणावं तर पुन्हा बाकांनी दिलेला. आईचा म्हणावं तर विरघळलेला. हिराने तो दोन्हीकडून टाळला.

"तिलाच विचारा," ती म्हणाली. "दारातच उभी आहे. आता तुमचं जेवण झालंय, आता ती खरं सांगेल."

आई खरंच येऊन उभी होती, घासलेला टोप कमरेवर घेऊन, कारण काकींना घाई झाली होती आणि जीप चुकली असती. पाहुण्यांनी दाराकडे पाहिलं. आईने पदर सारखा केला आणि वाट पाहिली.  मग पाहुणे घड्याळाकडे पाहून सरांना म्हणाले की ड्रायव्हरला सांगा, घाट उजेडी उतरलेला बरा. हिराच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, हुशार आहेस. आणि गेले.

शिफारस आली नाही. हिरा त्या वर्षी शहरात गेली नाही; आश्रमशाळेत शिकवत तिने बाहेरून परीक्षा दिली, आणि प्राध्यापकाची जी खुर्ची दोन वर्षांत मिळाली असती ती तिला पुष्कळ उशिरा, दुसऱ्याच गावी मिळाली. पाहुण्यांचा लेख पुढे एका नियतकालिकात आला. त्यात हिरा नव्हती. आई होती, नाव नसलेली. एका निरक्षर आदिवासी स्त्रीने स्वतःच याला दुजोरा दिला, असं एक वाक्य. मी संपादकांना पत्र लिहिलं. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं. सदर साक्ष पाहुणचाराच्या दडपणाखाली नोंदवली असून जेवणानंतर साक्षीदार उपलब्ध असताना तिची फेरतपासणी केली नाही, सबब ती पुराव्यातून वगळावी. छापलं नाही. तेव्हापासून मी लिहितोच आहे.

त्या दुपारी आम्ही जव्हारच्या नाक्यावर जीपची वाट पाहत उभे होतो. काकी रिकाम्या टोपल्यावर बसल्या होत्या.  आपण काय बोलून बसलो आणि ते किती महाग पडणार, याचा हिशेब हिराच्या चेहऱ्यावर दिसत होता. सर निरोप द्यायला आले होते आणि जीप येते का ते बघत होते. आई टोप एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेत म्हणाली, "मना इचारलां नाय त्यानं काय?"

हिरा म्हणाली, नाय, आये.

जीप वळणावर दिसली. आईने टोप उचलला आणि पुढे होऊन जागा धरायला निघाली.

"इचारलां असतां तं सांगतलां असतां मी," ती जाता जाता म्हणाली.